उतारावरच्या जागेला प्रीकास्ट भिंत: खालच्या हद्दीला चालेल, वरच्या हद्दीला नको

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. गुहागर तालुक्यात समुद्रापासून किलोमीटरभर आत तुमची वडिलोपार्जित जागा आहे. वरच्या हद्दीपासून खालच्या हद्दीपर्यंत साधारण सहा मीटरचा उतार. वर शेजाऱ्यांची हापूसची कलमं, खाली ग्रामपंचायतीचा रस्ता. ठेकेदार म्हणतो, वरून तीन मीटर कापू, तीच माती खाली भरू, मधे सपाटी करून घर बांधू आणि दोन्ही हद्दींना कारखान्यात तयार झालेल्या एल आकाराच्या प्रीकास्ट भिंती लावू. गावातले काका म्हणतात, जांभ्या दगडाच्या चिऱ्याचीच भिंत घाल, आपल्याकडे तीच टिकते. कोणाचं ऐकावं आणि खाऱ्या हवेत प्रीकास्ट किती तग धरेल, हे तुम्हाला हवंय.

सत्तावीस वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात हेच काम करतोय, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. खालच्या हद्दीला, जिथे भराव येणार आहे, तिथे प्रीकास्ट एल भिंत चांगली. वरच्या हद्दीला, जिथे डोंगर कापणार आहात, तिथे ती लावू नका. आणि काकांचं म्हणणं दीड-पावणेदोन मीटर उंचीपर्यंत अगदी बरोबर आहे.

असं का, ते एल भिंतीच्या आकारात आहे. ती उभी राहते ती स्वतःच्या वजनावर कमी आणि तिच्या मागच्या पायावर बसलेल्या मातीच्या वजनावर जास्त. तीन मीटर माती धरायची तर तो पाय जवळजवळ दोन मीटर मागे, मातीखाली जातो. खालच्या बाजूला हे सोयीचं आहे. मूळ जमिनीवर नग ठेवायचे, मागे भराव घालायचा, की भराव आपोआप पायावर बसतो आणि भिंतीला दाबून धरतो. वरच्या बाजूला नेमकं उलटं होतं. हद्दीवर भिंत हवी असेल तर तिचा पाय शेजाऱ्यांच्या कलमांखाली जाईल. तो तुमच्याच हद्दीत ठेवायचा तर भिंत दोन मीटर पुढे येईल, आणि पाय बसवण्यासाठी उभी कातलेली दरड आठवडाभर उघडी राहील. तीन मीटर उघडी दरड, तीवर मुळं पसरलेली जुनी झाडं, आणि खाली नग बसवणारे गडी. अशा जागी मी माणसं उतरवत नाही.

इथे काही ठेकेदार एक पळवाट काढतात, ती ओळखायला शिका. नग फिरवून लावतात, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला, तुमच्या अंगणात. मागे खणायला नको, काम लवकर. पण एल नगातली मुख्य सळई मागच्या पायाच्या बाजूच्या अंगाला असते, कारण माती ढकलते तेव्हा ताण त्या अंगाला येतो. नग फिरवला की माती दुसऱ्या अंगाला येते, ताणही दुसऱ्या अंगाला येतो, आणि तिथे जेमतेम जाळीपुरती सळई असते. शिवाय पायावर मातीचं वजन नाही, म्हणजे भिंतीला धरून ठेवणारं काही नाही. बाहेरून पाहिलं तर दोन्ही भिंती सारख्याच दिसतात. पाय बाहेर ठेवायचाच असेल तर तसं वेगळं डिझाइन करून वेगळे नग ओतावे लागतात.

आता पाण्याकडे येतो, कारण कोकणात भिंती पडतात त्या बहुतेक पाण्याने. हे तोंडी सांगितलं तर लोक मान डोलावतात आणि विसरतात, म्हणून हिशेबच मांडतो. तीन मीटर उंचीची माती, मुरमासारखी, निचरा होणारी. घनमीटरला अठरा किलोन्यूटन वजन धरा. अशी माती आपल्या उभ्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश दाब आडवा टाकते. भिंतीच्या दर मीटर लांबीला एकूण ढकल येते २७ किलोन्यूटन, म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास. आता त्याच मातीत वरपर्यंत पाणी साठलं असं समजा. पाण्यात बुडालेल्या मातीचं वजन घटतं, तिची ढकल १५वर येते. पण पाणी स्वतः ढकलतं, आणि ते एक तृतीयांशाने ढकलत नाही, पूर्ण दाबाने ढकलतं. त्याचे ४५. एकूण ६० किलोन्यूटन, सहा टन. भिंत तीच, माती तीच, आणि भार दुपटीहून जास्त. शिवाय पायाखालच्या पाण्याने भिंत थोडी उचलली जाते, म्हणजे घसरण्याला होणारा विरोधही कमी होतो. कोरड्या मातीला धरून केलेलं कुठलंही नेहमीचं डिझाइन याला पुरं पडत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भिंतीमागे पाणी साठू शकतं का, हा प्रश्नच इथे उरत नाही. ते येणारच, त्याला जायला वाट कुठून, एवढंच ठरवायचं असतं.

तुमच्या काकांच्या चिऱ्याच्या आग्रहामागे हेच आहे, जरी ते या शब्दांत सांगणार नाहीत. आपले जुने गडगे बघा. चिखल नाही, सिमेंट नाही, नुसते दगड रचलेले. दोन-तीन पिढ्या उभे आहेत, कारण प्रत्येक फटीतून पाणी निघून जातं आणि मागे दाब साठतच नाही. तेच चिरे सिमेंटमध्ये घट्ट बांधून वरून गिलावा केला, की भिंत गडग्यासारखी राहत नाही, बंधाऱ्यासारखी होते. म्हणून चिऱ्याची भिंत घालायची तर पाया उंचीच्या निम्म्याच्या आसपास रुंद ठेवा, पाण्याला भोकं ठेवा, आणि चिरा खाणीच्या वरच्या थरातला, टणक घ्या. खालच्या थराचा चिरा भिजला की बोटाने चुरा होतो. तीन मीटर उंचीला हा पाया सव्वा ते दीड मीटर रुंद होतो, चिरे बेसुमार लागतात, आणि भिजल्यावर चिऱ्याची ताकद उतरतेच. त्या उंचीला मी चिरा सांगत नाही.

एक जागा सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण मालकाचा त्यात दोष नव्हता. एका काजू कारखान्याच्या आवारात प्रीकास्ट एल भिंत लावली होती, पावणेतीन मीटर उंच. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मालकाचा फोन आला, भिंत वाकल्यासारखी वाटते. गेलो, ओळंबा सोडला, तर वरच्या टोकाला सत्तर मिलिमीटर बाहेर. दोन नगांमधली फट खाली पंधरा मिलिमीटर होती, वर तिच्यात माझा अख्खा पंजा जात होता. भिंतीत भोकं होती, दर मीटरला, नकाशाप्रमाणे. पण आठ दिवसांच्या संततधारेत एकाही भोकातून थेंब येत नव्हता. हे बघूनच पोटात गोळा आला. पावसात बाहेर पाणी काढणारी भिंत निरोगी असते. कोरडी भिंत दिसली की समजावं, पाणी आत अडकलंय. सळईचा आकडा करून एका भोकात घातला आणि ओढला, तर सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा बोळा हातात आला. माल आत जाऊ नये म्हणून गवंड्यांनी सगळ्या भोकांत बोळे कोंबले होते आणि काम झाल्यावर काढायचे राहिले. बोळा निघाला आणि लाल पाण्याची धार गुडघ्यावर आदळली. खालच्या रांगेतली सगळी भोकं मोकळी करायला दोन तास लागले. संध्याकाळपर्यंत पाणी लाल येत राहिलं, मग गढूळ, रात्री जवळजवळ स्वच्छ. भिंत तिथेच थांबली, पण सरळ झाली नाही. दिवाळीनंतर मागचा सगळा भराव काढून, नग पुन्हा बसवून घ्यावे लागले. बोळ्यांबरोबर आणखी एक चूक तेव्हा दिसली. मागे खडीचा थर नव्हताच, कापून काढलेली लाल मातीच थेट भिंतीला लावली होती. बोळे काढले असते तरी चार पावसाळ्यांत त्या मातीने भोकं आपसूक बुजली असती.

म्हणून तुमच्या खालच्या भिंतीमागे काय हवं, ते नीट लिहून ठेवा आणि ठेकेदाराच्या करारात घाला. भिंतीच्या पाठीला लागून निदान सहाशे मिलिमीटर जाडीचा खडीचा किंवा डबराचा थर, खालून वरपर्यंत. त्या थराच्या आणि मातीच्या मधे न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे माती खडीत शिरणार नाही. पायाच्या पातळीला भोकं पाडलेला पाइप, त्यालाही कापड गुंडाळलेलं, शंभराला एक उतार, आणि दोन्ही टोकांना उघडा, म्हणजे पुढे कधी तुंबला तर साफ करता येईल. भिंतीतली भोकं शंभर मिलिमीटरची, दर मीटरला, वरखाली आडवी-तिडवी, बाहेर किंचित उतरती. नगांमधल्या फटी मागून कापडाच्या पट्ट्यांनी झाकायच्या, पुढून सिमेंटने बुजवायच्या नाहीत. गवंडी त्या बुजवतोच, दिसायला बरं म्हणून. त्याला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगा, कारण या फटींतून पाणीही निघतं आणि नगांना थोडं हलायलाही जागा मिळते. भरावाचा माथा वरून चिकणमातीच्या थराने बंद करा आणि पावसाचं पाणी भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच गटाराने बाजूला न्या.

तो पाइप शेवटी कुठे सुटणार? हे कागदावर ठरल्याशिवाय कुदळ मारू नका. खाली रस्ता आहे, म्हणजे पाणी रस्त्याच्या गटारात आणि तिथून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, गेलं पाहिजे. ते खालच्या वाडीतल्या कोणाच्या खळ्यात गेलं तर वाद पावसाळाभर पुरतो. ग्रामपंचायतीशी आधी बोला. माती कापणार आहात म्हणजे गौण खनिजाची परवानगी लागते का, तेही तहसीलमध्ये विचारा, आणि लागत असेल तर ती कामाच्या आधी काढा.

पायाखालचं बघायला एक दिवस जेसीबी लावून तीन-चार खड्डे घ्या. आपल्याकडे फसवणूक इथेच होते. वर टणक जांभा लागतो, पहार मारली तर ठिणगी उडेल असा, आणि सगळे म्हणतात कातळ लागला. तो थर कधी दोन मीटरचा असतो, कधी अर्ध्या मीटरचा, आणि खाली पांढरट-गुलाबी, साबणासारखी मऊ माती असते. कधी जांभ्यात पोकळ्याही असतात. तीन मीटर माती धरणाऱ्या एल भिंतीच्या पुढच्या कडेखाली दर चौरस मीटरला बारा ते चौदा टन दाब येतो. घट्ट मुरूम किंवा चांगला जांभा तो आरामात घेतो, पाणी प्यायलेली ती मऊ माती घेत नाही, आणि नवा भराव तर मुळीच नाही. तेव्हा पाया मूळ जमिनीत, निदान अर्धा मीटर आत. खाली शंभर मिलिमीटर काँक्रीटचा थर, पातळी दोऱ्याने तपासून. प्रीकास्टला पातळीची चूक माफ नसते. जागेवर ओतलेली भिंत जमिनीचे चढउतार पोटात घेते, तयार नग घेत नाही. पहिला नग पाच मिलिमीटर कलला तर विसावा नग ते जाहीर करतो. आणि नग कडक झालेल्या गुळगुळीत थरावर नुसता ठेवू नका, ताज्या मालाच्या पातळ थरावर बसवा, म्हणजे तळ सगळीकडे टेकेल आणि घसरणार नाही.

खाऱ्या हवेबद्दल. या बाबतीत प्रीकास्ट खरोखर उजवं ठरतं, अर्थात नीट केलेलं असलं तरच. किनाऱ्यावरचं काँक्रीट कुजतं ते क्षार सळईपर्यंत पोचल्यामुळे, आणि त्याला अडवतात दोन गोष्टी: काँक्रीटचा घट्टपणा आणि सळईवरचं कव्हर, म्हणजे सळईला झाकणारा काँक्रीटचा थर. आय एस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, किनारी हवेला तीव्र वर्गात धरतं. तिथे किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५च्या आत आणि कव्हर ४५ मिलिमीटर. लाटांचे तुषार थेट येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. जागेवर, पावसाच्या धाकात, मिक्सरमध्ये अंदाजाने पाणी ओतणाऱ्या गड्याकडून ०.४५ मिळवणं किती कठीण, हे मला रोज दिसतं. कारखान्यात स्टीलच्या साच्यात, मोजून, व्हायब्रेटरवर ते मिळतं. जागेवरच्या कामात दुसरी भीती वाळूची. खाडीची वाळू धुतली आहे असं सांगून येते, पण मीठ तिच्यात असतंच. प्रीकास्टवाल्याला वाळू कुठली ते विचारा, क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, असेल तर बरं. सिमेंट स्लॅगचं (पोलाद कारखान्याची मळी घातलेलं) किंवा पोझोलानाचं (राख घातलेलं) असावं, क्षाराला ते जास्त अडवतं.

माल घ्यायच्या आधी नगांवर ओतल्याची तारीख बघा, अठ्ठावीस दिवसांच्या क्यूबचे, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचे, निकाल मागा, आणि डिझाइनचा कागद मागा. त्या कागदावर तीन गोष्टी शोधा: माती कोणती धरली, भिंतीमागे पाणी किती धरलं, आणि माथ्यावर भार किती. गाडी माथ्याजवळून जाणार असेल तर तसं सांगा, रस्त्याच्या कामात त्यासाठी सव्वा मीटरच्या आसपास जादा माती धरतात. चिपळूण-गुहागर पट्ट्यात भूकंपाचं गणितही हवंच, ११ डिसेंबर १९६७ची कोयना विसरायची नाही. उतरवून घेताना उभ्या आणि आडव्या भागाच्या सांध्यावर हात फिरवून भेगा दिसतात का ते बघा, चुकीच्या जागी उचलल्याच्या खुणा तिथेच असतात. बसवून झाल्यावर उचलायचे हुक कापून खळगे न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. उघडा हुक गंजत आत जातो आणि पाच वर्षांत कोपरा फोडतो.

आता खर्च. कारखाना घाटावर असेल तर वाहतूक तुमची बचत खाईल. तुमच्या खालच्या हद्दीची लांबी बेचाळीस मीटर लिहिली आहे. मीटररुंद नग सुमारे तीन टनांचा, म्हणजे सव्वाशे टन माल, पंधरा-टनी गाडीच्या आठ-नऊ फेऱ्या. ती गाडी तुमच्या वाडीपर्यंत येते का? वाटेतला साकव तेवढं वजन घेतो का? हायड्राला, म्हणजे नग उचलणाऱ्या क्रेनला, उभं राहायला सपाट, कोरडी जागा आहे का? चौदा टनांची हायड्रा कुठेही चौदा टन उचलत नाही, बूम लांबवला की क्षमता झरझर उतरते, आणि उतारावर तर ती उलटते. यातल्या एकालाही नाही असं उत्तर आलं, तर जागेवर ओतलेली आरसीसी भिंत घ्या, पण कव्हर आणि पाण्याचं प्रमाण यांवर स्वतः उभे राहा. माझ्या अनुभवात पन्नास मीटरच्या खाली प्रीकास्ट फार स्वस्त पडत नाही. ते घ्यायचं कारण वेळ आणि दर्जा.

वरच्या हद्दीचं मी असं करेन. मुळात तीन मीटर कापणार नाही. घराची सपाटी दोन पातळ्यांत करा, मधे चार पायऱ्या येऊ द्या, म्हणजे कापणी दीड-पावणेदोन मीटरवर येते आणि खालचा भरावही त्याच प्रमाणात घटतो. भिंतीची उंची निम्मी झाली की ढकल चौथाई होते आणि उलटवणारा जोर आठवा हिस्सा, हा फायदा दुसऱ्या कशाने मिळत नाही. कापलेली दरड उभी ठेवू नका, मागे झुकवा, पायथ्याला काकांच्या चिऱ्याची नाहीतर जाळीतल्या दगडांची भिंत द्या. गॅबियन म्हणजे तारेत बांधलेला गडगाच, पाणी आरपार जातं. किनाऱ्याजवळ तार साधी घेऊ नका, जस्तावर प्लास्टिकचा लेप असलेली घ्या. दरडीच्या माथ्याच्या दोन-तीन मीटर मागे पाणी अडवणारा चर काढा, पक्का, सिमेंटने किंवा दगडाने बांधलेला, नाहीतर तोच चर पाणी दरडीत मुरवेल. तेवढी जागा तुमच्या हद्दीत नसेल तर शेजाऱ्यांशी बोला. त्यांची कलमंही त्याने वाचतील. खालच्या हद्दीला दोन टप्प्यांत भिंती घेत असाल तर त्यांच्यातलं अंतर खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट ठेवा. तेवढं जमत नसेल तर वरच्या भिंतीचा भार खालच्या भिंतीच्या गणितात धरायला सांगा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. भिंत तुमच्या कापणीला धरते, डोंगराला नाही. २२ जून २००३ला वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली, पन्नासावर माणसं गेली, त्यानंतर कोकण रेल्वेने कटिंगचे उतार कमी केले आणि जाळ्या लावल्या. २२ जुलै २०२१ला महाडजवळ तळियेत अख्खी वाडी गेली. तुमच्या जागेच्या वर, कलमांच्याही पलीकडे, एकदा पायी चढून जा. जमिनीला अर्धगोल भेगा, तिरकी झालेली झाडं, उन्हाळ्यातही ओलसर राहणारा पट्टा यांपैकी काही दिसलं तर भिंतीचं बोलणं थांबवा आणि भूगर्भतज्ज्ञाला आणा. तो खर्च एका नगापेक्षा फार जास्त नसतो.

वेळेचं असं धरा. दसऱ्यानंतर खड्डे आणि परवानगी, दिवाळीनंतर कापणी, शिमग्याच्या आधी नग बसवून मोकळे, कारण शिमग्याला गडी मिळत नाहीत. भराव दोनशे मिलिमीटरच्या थरांनी, पाणी शिंपडून. भिंतीपासून दीड मीटरच्या आत छोटा प्लेट कॉम्पॅक्टरच चालवा, रोलर किंवा जेसीबी नको. मृग लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, प्रत्येक भोकात सळई घालून बघा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन खाली रस्त्यावर उभे राहा आणि किती भोकांतून पाणी येतंय ते मोजा. तो आकडा आणि खड्ड्यांचे फोटो मला पाठवा.